परीक्षेच्या खात्यात आवाज नव्हता

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी सात वर्षं संगणक प्रयोगशाळेचा सहायक होतो, तिथं टेलिफोनच्या बोर्डावर एक बाई बसायच्या. वय तिशीच्या आसपास. त्यांना दिसत नसे. सहाव्या वर्षी ताप आला आणि डोळे गेले, एवढंच त्या सांगायच्या, तेही कोणी फार खोदून विचारलं तर. गाव दर्यापूरकडचं, घरची फुलशेती. मोठा भाऊ अमरावतीत फुलांचा धंदा करायचा. तोच सकाळी स्कूटरवरून त्यांना गेटपाशी सोडायचा. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर.

नोकरी कंत्राटी होती. दुपारी तीननंतर फोन कमी व्हायचे, तेव्हा त्या आमच्या लॅबमध्ये येऊन ग्रंथालयाचं मराठी टायपिंग करायच्या. खिडकीजवळचं शेवटचं मशीन त्यांचं. आमच्याकडे सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि त्यावर ग्नोम नावाचा डेस्कटॉप. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लिनक्सवर पडदा, मेनू, खिडक्या हा सगळा थाट एकाच प्रकारचा नसतो. असे पाच-सात डेस्कटॉप आहेत, प्रत्येकाचे प्रोग्राम वेगळे, सवयी वेगळ्या. ताईंना ग्नोम पाठ होता. ऑल्ट, विंडोजचं बटण आणि एस अशी तीन बटणं एकदम दाबली की पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि मशीन बोलायला लागायचं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा तो मराठी आवाज. त्यांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला एक शब्द कळायचा नाही. त्यांना मात्र स्वल्पविरामसुद्धा कळायचा.

मशीनं जुनी झाली होती. लिनक्सची नवी आवृत्ती टाकल्यावर ग्नोम उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागायला लागली. पोरं कुरकुर करायची. मग मी एका सुट्टीत सगळ्या तीस मशीनवर एलएक्सक्यूटी नावाचा हलका डेस्कटॉप टाकला. मशीनं पळायला लागली. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

सुट्टी संपल्यावर ताई आल्या, बसल्या, तीन बटणं दाबली. परत दाबली.

"सर, हे मुकं झालं."

मी सांगितलं की ती तीन बटणं ग्नोमच ऐकायचा, या नव्या डेस्कटॉपला ती माहीत नाहीत.

"मंग माह्या मशीनवर जुनंच ठेवा ना. मले जलदी नाई. उघडू दे सावकाश."

तेव्हाच ऐकायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. पण तीसच्या तीस मशीनं एकसारखी ठेवल्याचं मी मीटिंगमध्ये सांगून बसलो होतो. आणि दुसरं म्हणजे मला खाज होती. एका डेस्कटॉपचे प्रोग्राम दुसऱ्यात चालवता येतात, त्याला कोणाची ना नसते. हे आपण करून दाखवू, असं माझ्या डोक्यात आलं.

"गरजच नाही ताई," मी म्हणालो. "तुमचे सगळे प्रोग्राम याच्यातच चालवून देतो. फरक कळणार नाही तुम्हाला."

ग्नोमचा लिहायचा प्रोग्राम आणला, फाइली बघायचा आणला, वाचून दाखवणारा आणला. तिन्ही उघडले. मला वाटलं झालं. पण प्रोग्राम आपल्या घरी असतो तेव्हा त्याच्या मागे दहा कामं गुपचूप चालू असतात, ती त्याच्याबरोबर येत नाहीत. लिहायच्या खिडकीत मशीन बोलायचं, पण ताई खालच्या पट्टीवर गेल्या की गप्प. कारण ती पट्टी हलक्या डेस्कटॉपची, तिला आपलं म्हणणं वाचणाऱ्या प्रोग्रामला सांगायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. लॉगिन होतानाच तसा हुकूम द्यावा लागतो, हे शोधायला मला दोन दिवस लागले. मराठी कळफलक ग्नोम आपण होऊन सांभाळायचा. इथं तो मधेच इंग्रजीवर उडी मारायचा. तोही वेगळा सुरू करून द्यावा लागला. तीन बटणांची जोडणी नव्याने केली.

आठ दिवस गेले. रोज तीन वाजता ताई शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, "आता बोलला. आता नाई. घड्याळाच्या तठी गेली की गप्प होते." मी काही बदलायचो, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचो, त्या पुन्हा सुरुवातीपासून सगळीकडे फिरून यायच्या. एकदाही कंटाळल्या नाहीत. आठव्या दिवशी मशीन सगळीकडे बोललं. ताईंनी मेनू वरपासून खालपर्यंत दोनदा ऐकला.

"आता दिसलं," त्या म्हणाल्या.

मी केलेलं सगळं त्यांच्या खात्यात होतं. त्यांच्या नावानं लॉगिन केलं तरच ते चालायचं. दुसऱ्या नावानं तेच मशीन उघडलं तर काही नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते कुठं लिहून ठेवलं नाही, कोणाला सांगितलं नाही. ताईंनाही नाही. तसं सांगायची वेळच आली नाही, असं मी नंतर बराच काळ स्वतःला म्हणत होतो.

त्या हिवाळ्यात कॉलेजात लिपिकाची एक कायम जागा निघाली. कौशल्य चाचणी आमच्याच लॅबमध्ये होती: पडद्यावर दिलेला एक मराठी उतारा टाइप करायचा, त्याची मांडणी करायची, फाइल जपून ठेवायची. ताईंनी अर्ज केला. त्यांचा हात इतका चांगला होता की ग्रंथालयातले लोक जागा त्यांचीच धरून चालले होते. त्या मात्र कधी तसं बोलल्या नाहीत. एक दिवस फक्त विचारलं, "सर, परीक्षेच्या दिवशी तुमी असानच ना?"

"असीन ना," मी म्हणालो.

माझी बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका. मुलगी तिच्याजवळ. मी शनिवारी जायचो, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायचो. मुलगी मला पाहुणा समजायला लागली होती. त्यामुळे अकोल्याच्या एका कॉलेजात अशीच जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला होता, अमरावतीत कोणाला न सांगता. मुलाखतीचं पत्र आलं, आणि तारीख नेमकी चाचणीची निघाली.

खरं सांगितलं असतं तरी कोणी अडवलं नसतं. पण नोकरी मिळाली नाही तर उगाच चर्चा होते, या भीतीनं मी मावसबहिणीच्या घराची वास्तुशांती आहे म्हणून रजा टाकली. ताईंनाही तेच सांगितलं.

 त्या म्हणाल्या, "मंग कोणाले विचारू, काई झालं तर?"

"काही होत नाही ताई. तुमचं मशीन तयार हाये. मी नसलो तरी ते बोलनच."

आदल्या दिवशी संध्याकाळी मी अकोल्याच्या बसमध्ये होतो. विभागाच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला: उमेदवारांपैकी काहीजण कॉलेजचेच आहेत, त्यांच्या खात्यात आधीच्या फाइली असतील, तेव्हा कोणालाही स्वतःच्या खात्यातून बसू देऊ नये, सगळ्या मशीनवर परीक्षेचं एक नवं, कोरं खातं उघडावं. निर्णय अगदी रास्त होता. मी तो वाचला. वाचला म्हणजे डोळ्यांखालून गेला. डोक्यात मुलाखतीचे प्रश्न होते. मी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला माझी मुलाखत चालू होती. खिशात फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. समोर तिघेजण बसले होते, एक गृहस्थ मला विचारत होते की जुनी मशीनं वापरात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलंत. मी त्यांना हलक्या डेस्कटॉपची हकिगत सांगत होतो. एका अंध कर्मचारी बाईंसाठी मी एका डेस्कटॉपचे प्रोग्राम दुसऱ्यात कसे चालवले, हेही सांगितलं. मधल्या बाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी खिशावर हात दाबून धरला होता.

बाहेर येऊन पाहिलं तर मॅडमचे तीन फोन. व्हरांड्यात उभं राहून लावला.

"अहो, त्यांचं मशीन बोलत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "काय करायचं ते इथं कोणाला माहीत नाही. आता वेळ संपली."

मी विचारलं, कोणत्या खात्यातून बसल्या होत्या. विचारता विचारताच मला बसमधला निरोप आठवला.

"नव्या खात्यातून. तुम्ही होकार दिला होतात ना ग्रुपवर?"

पुढचं मला आमच्या लॅबच्या शिपायानं सांगितलं. ताईंनी तीन बटणं दाबली. काही नाही. हात वर केला. पर्यवेक्षक आले, त्यांनी आवाज वाढवून पाहिला, हेडफोन बदलला, मशीन बंद करून चालू केलं. शिपाई म्हणाला, मी उतारा वाचून दाखवतो. त्यावर दुसऱ्या एका उमेदवारानं हरकत घेतली, की असं नियमात नाही. ताई म्हणाल्या, "राहू द्या." मग त्यांनी लिहायचा प्रोग्राम आठवणीनं, न ऐकता उघडला आणि टाइप करायला लागल्या. वेळ संपेपर्यंत करत होत्या. शेवटी फाइल जपायची बटणं दाबली आणि काठी उघडून बाहेर गेल्या.

सोमवारी मी परत आलो. मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर ताईंच्या फाइलीची छापील प्रत होती. पानभर इंग्रजी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही.

"समिती म्हणते शून्य," मॅडम म्हणाल्या. "आवाज नव्हता हे खरं, पण टायपिंगच येत नाही असं दिसतंय. हे बघा ना."

मी पान हातात घेतलं. पहिली तीन अक्षरं होती सी, एन, ई. मी ती दोनदा वाचली आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या कोऱ्या खात्यात मराठी कळफलकसुद्धा नव्हता. ताई मराठीच टाइप करत होत्या. मशीन इंग्रजी उमटवत होतं. मराठी कळफलकावर सीच्या जागी म असतो, एनच्या जागी ल, ईच्या जागी काना. मला. पुढं एका ठिकाणी व्ही, ई, यू, आर. नाही.

मी मॅडमसमोर बसून पेन्सिलीनं प्रत्येक अक्षराच्या खाली मराठी अक्षर लिहीत गेलो. पहिल्या ओळीत होतं: मला काही ऐकू येत नाही. त्यानंतर: उतारा मला वाचता येत नाही म्हणून मला पाठ असलेला मजकूर लिहीत आहे. आणि मग ग्रंथालयाची नियमावली. पहिल्या नियमापासून सोळाव्यापर्यंत. त्यांनी ती वर्षभरापूर्वी टाइप केली होती. अख्ख्या पानात दोन चुका होत्या. आवाज नाही, समोर काय उमटतंय त्याचा पत्ता नाही, आणि दोन चुका.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. विचारलं, "हे कसं झालं?"

तिथं मी सगळं सांगितलं. त्यांचं खातं, न लिहिलेली कामं, बसमधला अंगठा. वास्तुशांती नव्हती, हेही. ते सांगायची तशी गरज नव्हती, पण ते वगळून बाकीचं सांगता येईना.

"हे लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. मी दिलं. समितीनं ताईंची चाचणी तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं ठरवलं.

बोर्डापाशी जायला मला दोन दिवस लागले. ताई फोनवर कोणाला तरी प्रवेशाची माहिती सांगत होत्या. संपल्यावर मी म्हणालो, "ताई, मी."

"ठाऊक हाये. चपलीवरून कळते."

मी मुलाखतीचं सांगितलं. त्यांना ते मॅडमकडून आधीच कळलं होतं.

"अकोल्याले जाच होतं तं जा ना," त्या म्हणाल्या. "लेकरू हाये तुमचं तठी. मी काय हात धरला असता? पण मले खरं सांगतलं असतं तं मी दुसऱ्या कोणाले तयार केलं असतं. तुमी सांगतलं, मशीन बोलनच. मी पन्नास मिनिटं त्याच्या भरोशावर बसली. मले वाटे, आता बोलन, आता बोलन."

फोन वाजला, त्यांनी तो जोडून दिला.

"आता काय करता, ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, तुमच्या मशीनवर ग्नोमच परत टाकतो, जसा होता तसा.

"नाई. जे हाये तेच ठेवा. उद्या कुठीबी गेली तं तठी हेच असन, मंग मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? कागदावर लिहा. काय केलं, कुठी केलं, पह्यलंपासून. तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसाले करता आलं पायजे."

ते लिहायला मला चार दिवस लागले. केलेलं मलाच आठवेना. आठ दिवसांत मी कुठं कुठं हात घातला होता ते एक-एक फाइल उघडून शोधावं लागलं. लिहिलेलं मी ताईंना वाचून दाखवायचो आणि त्या टाइप करायच्या. जिथं मी घाईनं सांगितलं तिथं त्या थांबायच्या. "हे कोणाले समजणार नाई. परत सांगा." शेवटी साडेतीन पानं झाली. ती घेऊन माझ्या जागी येणाऱ्या नव्या सहायक मुलीनं, जिला या प्रकरणातलं काही माहीत नव्हतं, एक कोरं खातं उघडलं आणि पानं वाचत वाचत ते तयार केलं. सातव्या पायरीला ती अडली. ती पायरी मी चुकीची लिहिली होती. ताईंनी दुरुस्ती करून घेतली. दुसऱ्यांदा मशीन बोललं.

तोवर अकोल्याचं नेमणूकपत्र माझ्या हातात पडलं होतं. घरी पेढे आणले. बायको खूश होती. मुलगी शाळेत सांगून आली की बाबा आता इथंच राहणार. मी हसत होतो, पण पेढा तोंडात फिरत राहिला. मुलाखतीत मी ज्या कामाची फुशारकी मारली होती, ते त्याच क्षणी अमरावतीत बंद पडलं होतं, हे त्या तिघांना कधी कळणार नव्हतं.

फेरचाचणीपर्यंत मी अकोल्याला रुजू झालो होतो; त्या दिवशी रजा घेऊन अमरावतीला गेलो. लॅबच्या दारात ताई भेटल्या.

"तुमी आत येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमी बाजूले असल्यावरच जे चालते, ते चाललं म्हणता येत नाई."

मी जिन्याखालच्या बाकावर बसलो. तासभर तिथं बसून लॅबच्या दाराकडे पाहत होतो. आतून एकदाही कोणी बाहेर आलं नाही, कोणी कोणाला हाक मारली नाही. वेळ संपल्यावर ताई आल्या, नवी सहायक त्यांच्याबरोबर होती. "बोललं," ती मला म्हणाली. ताईंचा भाऊ गेटपाशी थांबला होता, त्या त्याच्याकडे गेल्या.

निकालात त्या दुसऱ्या आल्या. पहिल्या उमेदवारापेक्षा थोडक्यात मागे, आणि जागा एकच. फेरचाचणीचा उतारा वेगळा होता, पहिल्यापेक्षा लांब आणि आकडेवारीनं भरलेला. पहिल्या दिवशी मशीन बोललं असतं तर काय झालं असतं, हे कोणाला सांगता येणार नाही. ग्रंथालयातल्या एका जुन्या बाईंनी मला फोन करून विचारलंच, "तुम्हाला काय वाटतं हो?" मी म्हणालो, मला वाटतं मिळाली असती. त्या म्हणाल्या, मलाही.

अकोल्यातला पहिला महिना संपता संपता मी कॉलेजच्या बोर्डावर फोन लावला. ताईंनीच उचलला. मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. तुमच्या निकालाचं मला फार वाईट वाटतं, माझ्यामुळे झालं, पुढं कुठं जागा निघाली तर मी येऊन हवं ते करून देईन. हे सगळं मी एका दमात बोललो. लाइन तुटली की काय असं वाटलं.

"ताई?"

"ऐकून राह्यली," त्या म्हणाल्या. "सर, तुमचं वाईट वाटणं मले कळलं. त्याचं मी काय करू, ते मले समजत नाई. दर्यापूरच्या एका कॉलेजात जागा निघाली हाये. अर्ज टाकला. तठच्या लॅबवाल्याले पानं धाडली, त्यानं करून पाह्यलं, जमलं म्हणे. तुमाले येण्याचं काम नाई."

मी बरं म्हणालो.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "दुसरी लाइन वाजून राह्यली."